कानामागची रेघ

फोपनारच्या, जसोंडीच्या, तुकईथडच्या आयांनो आणि आज्ज्यांनो,

तुमची तक्रार मला पाठ आहे, कारण तीच माझीही आहे. लेकराचा कान वाहतो म्हणून तुम्ही केळीच्या बागेतलं काम सोडून बुरहानपूर गाठता, तीन तास बाकड्यावर बसता आणि दोन मिनिटांत एक चिठ्ठी घेऊन बाहेर येता. "पाणी जाऊ देऊ नका," एवढंच ऐकायला मिळतं. कान का वाहतो, कधी थांबेल, रडणाऱ्या पोरीला काय सांगायचं, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर आत आलेला असतो. तुम्ही कान दाखवायला गेलात आणि तिथं तुमचं ऐकायला कोणाला कान नव्हता. मग जो तासभर बसून ऐकून घेतो त्याच्याकडे तुम्ही जाता. त्यासाठी तुम्हाला चारचौघांत अडाणी ठरवणाऱ्यांत मीही होते.

खालची पत्रं माझी आहेत, फोपनारला दिलेल्या माझ्या भाचीची, तृप्तीची, आहेत आणि तिच्या सासूबाईंची, रंभाबाईंची, आहेत. मला कमी ऐकू येतं, फोनवर नुसती खरखर येते, म्हणून आमच्यात पत्रंच चालतात. दोघींना विचारूनच ती इथं छापली आहेत. एकही वाक्य बदललेलं नाही. ज्यांची मला लाज वाटते ती माझी वाक्यंही तशीच ठेवली आहेत.

चारुलता
नेपानगर

•

फोपनार
२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास तृप्तीचा नमस्कार.

वर्षाचा उजवा कान परत फुटला. तीन वर्षांची होती तेव्हापासून दर पावसाळ्यात हेच. आता सहा पूर्ण झाली. उशीचा अभ्रा रोज धुते, तरी वास जात नाही. शाळेत शेजारची मुलगी नाक धरते म्हणून ही मागच्या बाकावर जाऊन बसते, आणि मग बाई म्हणतात, लक्ष नसतं तुमच्या पोरीचं.

बुरहानपूरला तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा तेच थेंब. तिसऱ्यांदा मी विचारलं, डॉक्टरसाहेब, हा बरा कधी होणार? ते म्हणाले, "मम्मी, बाहर और भी पेशंट हैं."

सासूबाई आता तिला जसोंडीच्या लीलाधरभाऊंकडे नेतात, दर मंगळवारी. ते मेणात बुडवलेल्या कागदाची पुंगळी कानात उभी धरतात आणि वरचं टोक पेटवतात. जळत जळत बोटभर उरली की विझवतात, उलगडून दाखवतात. आत पिवळं पिवळं साचलेलं असतं. म्हणतात, ही बघा कानातली सर्दी. घरी लसणाचं तेल कोमट करून टाकायला सांगितलंय. माणूस वाईट नाही गं. एक पैसा घेत नाही. वर्षाला मांडीवर घेऊन तिच्या बाहुलीचं नाव विचारतो. डॉक्टरांनी तिचंसुद्धा नाव कधी विचारलं नाही.

तू एवढं वाचतेस. खरं सांग, त्यानं बरं होतं का? आणि एक विचारायचं होतं. कान ठणकतो तेव्हा ती हात झटकते, कोणाला जवळ येऊ देत नाही. तेव्हा मी काय करू?

तुझी तृप्ती

•

नेपानगर
७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं रक्त तापलं. आपण कोणत्या काळात जगतो आहोत? सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्याशेजारी विस्तव धरायचा आणि त्याला उपचार म्हणायचं! कान म्हणजे चूल नव्हे, वर जाळ केला की घाण ओढली जायला. कानाच्या तळाशी कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा असतो. वर्षाचा कान वर्षानुवर्षं वाहतो, म्हणजे त्या पडद्याला भोक असणार. तुम्ही टाकता ते तेल त्या भोकातून आत जातं. आत मेंदूच्या शेजारची जागा आहे. एवढं कळल्यावर माझ्या भाचीच्या घरात लसूण कढवायची हिंमत कोणी करू नये.

पंधरा ऑगस्टला तुमच्या शाळेनं मला भाषणाला बोलावलं आहे. बोलायचं काय ते ठरलं. दोन पुंगळ्या मिळवून ठेव. गावासमोर दूध का दूध आणि पानी का पानी करते.

तू मात्र उद्याच्या उद्या वर्षाला घेऊन बुरहानपूरला जा. डॉक्टर बोलत नसेल तर टेबलावर हात आपट. भीड बाळगू नकोस. भीड बाळगणाऱ्या आयांनीच ही पुंगळी जिवंत ठेवली आहे.

तुझी आत्या

•

फोपनार
२५ ऑगस्ट २०२४

आत्या,

हे पत्र वर्षाच्या शाळेतल्या बाईंच्या हाती देते आहे, त्या बुरहानपूरला पेटीत टाकतील. उत्तरही त्यांच्याच नावानं शाळेत पाठव. घरात कोणाला माहीत नाही.

तुझं भाषण सगळ्या गावाला आवडलं. आमच्या घरात त्या दिवसापासून मला कोणी नीट हाक मारत नाही. तू रिकाम्या बाटलीच्या तोंडात पुंगळी पेटवलीस, उलगडून तेच पिवळं मेण दाखवलंस. तिथं थांबली असतीस तर सासूबाईंनाही पटलं असतं. त्या वाकून वाकून बघत होत्या गं, मी पाहिलं. पण तू विचारलंस, "काय हो, या बाटलीलापण सर्दी झाली का?" आणि वर म्हणालीस, "याच गावात अशी आजी आहे जी नातीचा कान दर मंगळवारी जाळून आणते." कोणाची आजी हे कोणाला सांगावं लागलं नाही. पहिल्या रांगेतून त्या उठल्या तेव्हा पोरं फिदीफिदी हसत होती. आता रस्त्यानं चाललं तरी पोरं विचारतात, "आजी, बाटली बरी झाली का?"

घरी येऊन त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "डोक्यावरचा पदर ढळू देत नाही बाई, अन् जिभेले काहीच नाही." हे तर फार चिडले. म्हणतात, "तुझ्या आत्याला ऐकू येत नाही, म्हणून ती नुसती बोलतच राहते." तुझ्याशी संबंध ठेवायचा नाही, पत्र नाही, निरोप नाही. बुरहानपूरचं तर नावच काढू देत नाहीत. मी म्हटलं तर म्हणतात, आत्यानं पढवलं का?

आणि मंगळवारचं सुरूच आहे. आधी एक पुंगळी होती, आता हट्टानं दोन लावून आणतात.

मी तुला एक प्रश्न विचारला होता, आत्या. दोन पानांच्या उत्तरात तो कुठेच नव्हता.

तृप्ती

•

नेपानगर
२९ ऑगस्ट २०२४

तृप्ती,

खरं बोलले त्याची माफी मागणार नाही. ज्यांना लाज वाटली त्यांना ती वाटायलाच हवी होती. मी चाळीस वर्षं स्टेजवर उभी राहते आहे. लोक आधी चिडतात, मग विचार करतात.

तुझा नवरा म्हणतो त्यात तेवढं खरं आहे की मला ऐकू येत नाही. लहानपणी टायफॉईड झाला त्यात गेलं. त्यावरून टोमणा मारायचा असेल तर खुशाल मारू दे.

वर्षाला दवाखान्यात ने. दुसरं काही ऐकायचं नाही मला.

आत्या

•

फोपनार
८ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

रागावलीस हे कळलं. तरी लिहिते, कारण बातमी चांगली आहे.

वर्षाचा कान वाहायचा थांबला! चार दिवस झाले. अभ्रा कोरडा, वास नाही. परवा बाटलीतले शेवटचे थेंब मी फेकून दिले. आणि नवल सांगू? उजवा कान आपोआप पुढं आलाय, सुपासारखा उभा राहिलाय. काल गणपती बसवला तेव्हा सासूबाईंचं लक्ष गेलं. त्या एकदम ओरडल्या, "अगं बाई, हा तर गणपतीसारखा कान झाला पोरीचा! देवानं खूण दिली." तिला मूर्तीशेजारी पाटावर बसवलं, कानाला कुंकू लावलं. गल्लीतल्या बायका बघायला येतात. तीन आठवड्यांनी सासूबाई माझ्याशी हसून बोलल्या.

पोरगी जरा किरकिरी झालीय एवढंच. अंग गरम लागतं, पण इतकी माणसं बघून घाबरली असेल. मोदकाला हात लावला नाही. डोकं धरून बसते, आरतीचा दिवा समोर आणला की तोंड फिरवते. कानाच्या मागे हात लावला तर किंचाळते, म्हणून वेणी घातलीच नाही. कालपासून हसताना तोंड एका बाजूला ओढते, हे म्हणतात नाटकी झालीय. एवढं सोडलं तर बरी आहे.

तुझं म्हणणं खोटं ठरलं म्हणून मनात काही ठेवू नकोस. कान बरा झाला हे महत्त्वाचं.

तृप्ती

•

बुरहानपूर, दवाखान्याच्या पायरीवरून
११ सप्टेंबर २०२४, सकाळचे साडेनऊ

सौ. रंभाबाई, विहीणबाई, यांस चारुलताचा नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. हा भूषण माझा शेजारी. त्यानं सकाळी तुमच्या मुलाला, भूपेंद्रना, फोन लावला. "आत्यांना सांगा, भाषण संपलं," म्हणून त्यांनी ठेवून दिला. नंतर लागला नाही. म्हणून भूषणला मोटारसायकलवर पाठवते आहे. तो वाचेल. तुम्हाला ओरडावंसं वाटलं तर त्याच्यावर ओरडा, पण शेवटपर्यंत वाचू द्या.

मी त्याच्याबरोबर आले नाही. मला बघितलं की तुम्ही दार लावाल, आणि दार उघडायला लावण्याइतका वेळ आपल्याकडे नाही.

मी आज भाषण करणार नाही. मी तुम्हाला एक गोष्ट सांगते जी माझ्या नवऱ्यालाही धड सांगितली नव्हती. तृप्तीला सांगत आले की टायफॉईडनं माझा कान गेला. ते खोटं आहे.

मी तुकईथडची. सात वर्षांची होते तेव्हा माझा उजवा कान असाच वाहायचा. माझी आई लसणाचं तेल कोमट करून टाकायची. जीव लावून टाकायची. आधी स्वतःच्या मनगटावर थेंब घेऊन बघायची, पोरीला चटका बसू नये म्हणून. तुम्हीही तसंच बघत असाल. एक दिवस कान वाहायचा थांबला. आई इतकी आनंदली की तिनं गूळ वाटला. तीन दिवसांनी माझा कान पुढं आला, सुपासारखा. आमच्याकडेही बायका जमल्या. सुपासारखा कान म्हणजे भाग्याचा, असं म्हणाल्या.

रंभाबाई, तो देवाचा कान नव्हता. घाण बाहेर यायची वाट बंद झाली होती, म्हणून ती मागच्या हाडात शिरली होती आणि कानाला मागून ढकलत होती. वाहायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं. कधी कधी त्याचा अर्थ असतो की आता ते दुसरीकडून निघालं आहे. माझं नशीब एवढंच की ते कातडी फोडून बाहेर आलं. आत डोक्याकडे गेलं असतं तर हे पत्र लिहायला मी नसते. माझ्या उजव्या कानामागे बोटाचं पेर बसेल एवढा खड्डा आहे. म्हणून मी डोक्यावरून पदर घेते. लोक म्हणतात, एवढी बोलणारी बाई, पण मर्यादा बघा. मर्यादा नाही हो. मी तो खड्डा झाकते. तो दिसला तर लोक विचारतील, आणि मला माझ्या आईचं नाव घ्यावं लागेल.

साठ वर्षं मी आईला वाचवलं. तुम्हाला मात्र भर गावात उभं केलं. त्याची माफी मी समोर येऊन मागेन, आज नाही. आज फक्त हे करा. वर्षाला उजेडात आणा. समोरून बघू नका, समोरून तो कान गणपतीचाच दिसेल. तिला पाठमोरी उभी करा, केस वर धरा आणि दोन्ही कानांच्या मागची बाजू बघा. डाव्या कानामागे, कान डोक्याला मिळतो तिथं, एक रेघ असेल, खोल. ती उजवीकडेही आहे का बघा. रेघ बुजली असेल, तिथं लाल टणक सूज असेल, तर चप्पल घालायला थांबू नका.

तिचं तोंड वाकडं होतंय ते नाटक नाही. तिला उजेड सोसत नाही तेही नाटक नाही. तृप्तीचं पत्र आठ तारखेचं आहे. आज अकरा आहे. मधल्या तीन दिवसांत काय झालं हे मला माहीत नाही.

तिला जीपमध्ये मांडीवर घ्या, डावा कान मोकळा ठेवून. आणि त्या कानात बोलत राहा. काहीही बोला, म्हशीचं, बाहुलीचं. कान ठणकतो तेव्हा दुखण्यापेक्षा भीती मोठी असते, आपण कुठेतरी खोल विहिरीत पडलोय आणि वरून कोणाचाच आवाज येत नाही अशी. तृप्तीनं विचारलं होतं, तेव्हा काय करू? तिला सांगा, हे उत्तर आहे. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मी भाषणाच्या नादात लिहिलं नाही.

वर्षाच्या नावाची चिठ्ठी काढली आहे. सात नंबर. आत्ता दुसरा आत गेलाय. मी पायरीवर बसले आहे, रस्त्याकडे तोंड करून. हॉर्न मला ऐकू येणार नाही, म्हणून नजर हटवणार नाही.

चारुलता

•

फोपनार
३ ऑक्टोबर २०२४

सौ. चारुलताबाईंस रंभाबाईचा नमस्कार.

मी बोलतेय अन् तृप्ती लिहितेय. तिले सांगितलं, जसं बोलते तसंच लिही, सजवू नको.

तुम्ही पायरीवर होत्या तेव्हा बोलायची येळ नव्हती. नंतर बुरहानपूरहून पोरीले जळगावच्या दवाखान्यात हलवलं, तिथं तुम्ही चार दिवस बाहेर बसल्या, पण तिथं मले तोंड नव्हतं. आता सांगते.

भूषण आला तेव्हा भूपेंद्र बागेत होता, तृप्ती बी तिकडेच, केळीची गाडी भरायची होती. मी दारातच बोलली, "उस बाई की चिठ्ठी है तो वापस ले जा." त्यानं दारातूनच वाचायले सुरुवात केली, मोठ्यानं. पोरगा मोठा चिवट. मी भांडे आपटले, तरी वाचत राहिला. तुमच्या मायनं मनगटावर थेंब घेतला तिथं माझा हात थांबला. मी बी तसंच बघते, मनगटावर. हे या बाईले कोणी सांगितलं, वाटलं मले. खड्ड्यापाशी आला अन् मी म्हटलं, "थांब रे बाबा, बस." तो थांबला नाही, रेघेचं अन् डाव्या कानाचं सगळं वाचलं.

वर्षा पाटावर पडून होती, कुंकू लावलेलं. तिले उचलली, ओट्यावर उन्हात आणली, पाठमोरी केली. केस वर केले. डावीकडे रेघ होती. उजवीकडे रेघच नव्हती. पिकलेल्या केळावर दाबलं का कसं लुसलुस लागतं, तसं बोटाखाली लागलं, अन् पोरीनं जी किंकाळी मारली ती अजून माझ्या कानात आहे. पाच दिवस मी त्या कानाची पूजा केली. समोरून. एकदा मागून बघितलं नाही.

भरलेली गाडी तशीच टाकून भूपेंद्र जीप घेऊन आला. सगळ्या रस्त्यानं मी तिच्या डाव्या कानात बोलत होती. काय बोलली ते आठवत नाही. मध्ये तिचे डोळे वर गेले तेव्हा मले वाटलं संपलं. तरी बोलत राहिली, तुम्ही लिहिलं होतं म्हणून.

डॉक्टर बोलले, एक दिवस अजून गेला असता तर मेंदूत. ते तुमच्यासमोरच बोलले, पण तुमचं तोंड दुसरीकडे होतं, तुम्हाले ऐकू आलं नसंल, म्हणून लिहून घेतलं.

आता वर्षा घरी आहे. हाडातली घाण काढली. तोंड बरंचसं सरळ झालं, झोपताना उजवा डोळा जरासा उघडा राहतो, तो बी मिटंल म्हणतात. उजव्या कानानं ऐकू येणार नाही. हाक मारली का भलतीकडेच बघते. मग आम्ही सगळे डावीकडून बोलतो. जेवायले बसतो तेव्हा तिच्या डावीकडे बसायले भांडण लागतं.

लीलाधरकडे मी गेली होती. पुंगळ्या परत दिल्या. पोरीचं डोकं पट्टीत बांधलेला फोटू दाखवला. तो माणूस खाली बसला. दर मंगळवारी मांडीवर घेत होता तिले, अन् मागून त्यानं बी बघितलं नव्हतं. रडत होता. मी त्याच्यापेक्षा वेगळी कुठं होती.

जळगावले शेवटच्या दिवशी मी तुम्हाले म्हटलं, दाखवा मले. तुम्ही पदर बाजूले केला. मी बोट लावलं. तुम्ही डोळे मिटले. त्यानंतर आपल्यात माफीचं काही उरलं नाही, असं मी धरते.

एकच सांगणं आहे. शाळेत परत या. तुम्ही उभं राहून बोलायचं, मी पहिल्या रांगेत बसीन. बाटली आणू नका. पुंगळी आणू नका. कोणाले हसवू नका. फक्त डोक्यावरचा पदर काढा अन् पाठ करून उभ्या राहा. तेवढं पुरंल.

रंभाबाई

ता. क. आत्या, मी तृप्ती. सासूबाई वर्षाच्या डाव्या बाजूला झोपतात आता. मला तिथं जागाच मिळत नाही.

•

आयांनो, आज्ज्यांनो,

तृप्तीचं आठ तारखेचं पत्र माझ्याकडे दहा तारखेलाच आलं होतं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि बाजूला ठेवलं. रुसले होते मी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना उघडलं. वर्षाच्या आयुष्यातला तो एक दिवस माझ्या टेबलावर बंद पडला होता. तिकडे तिच्या कानामागची रेघ बुजत चालली होती, आणि मी माझ्या मानासाठी बसून होते. याचा दोष मी पुंगळीवर ढकलू शकत नाही. हा विचार आला की अजूनही माझ्या हातातला कप खाली ठेवावा लागतो.

मी शाळेत गेले. रंभाबाई पहिल्या रांगेत होत्या. मी माझ्या कानाची आणि त्या रेघेची गोष्ट सांगितली, पदर काढला आणि पाठ करून उभी राहिले. मागे काय चाललं आहे हे मला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला स्टेजची भीती वाटली. मग माझ्या खांद्यावर हात पडला. एक आई आपल्या मुलाला घेऊन वर आली होती. तिनं त्याला माझ्या शेजारी, माझ्यासारखंच पाठमोरं उभं केलं आणि त्याचे केस वर धरले. त्या मुलाच्या दोन्ही रेघा होत्या. ती आई त्याला पोटाशी धरून रडली.

डॉक्टरांशी आपलं भांडण संपलेलं नाही. ते आपण भांडू, आणि मी पुढे असेन. पण तुमच्या लेकराचा कान त्या भांडणाचा निकाल लागेपर्यंत थांबणार नाही.

म्हणून हा कागद खाली ठेवा. वाहणारा कान असलेल्या आपल्या लेकराला हाक मारा, उजेडात आणा, पाठमोरं उभं करा, केस वर धरा आणि दोन्ही कानांच्या मागची रेघ बघा. एकीकडची बुजली असेल तर आजच, याच पावली, त्याला दवाखान्यात घेऊन निघा.